राज्यघटना, तिच्यातील बदल आणि आपला सातबारा

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील पुष्कळ शेतकरी कुटुंबांत एक जुना कागद पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला आढळतो. त्यास आमचे लोक ‘३२ म चा दाखला’ म्हणतात. आजोबा ज्या जमिनीत कूळ म्हणून राबले ती जमीन, ठरलेली किंमत चुकती केल्यावर, त्यांच्या मालकीची झाली, याचे ते प्रमाणपत्र होय. हा कागद कूळकायद्याने मिळाला हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्या कायद्यास न्यायालयात बाध येऊ नये म्हणून, देशाची राज्यघटना अमलात येऊन दीड वर्षही झाले नाही तोच तिच्यात दुरुस्ती करावी लागली, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत आहे. राज्यघटना हा वकिलांचा व पुढाऱ्यांचा विषय, आपणांस त्याचे काय, असे म्हणणारे बांधव आम्हांस वारंवार भेटतात. त्यांच्यासाठीच हा पाठ आम्ही लिहीत आहोत.

कायदा आणि कायद्यांचा कायदा

प्रथम राज्यघटना म्हणजे काय ते पाहू. आपल्या गावच्या विकास सोसायटीचेच उदाहरण घ्यावे. सोसायटीची पंच कमिटी दर महिन्यास बसते. कोणास किती कर्ज द्यावे, खताच्या गाड्या केव्हा मागवाव्या, याचे ठराव करते. परंतु कमिटीत किती पंच असावेत, सभासद कोणास होता येईल, नफा कसा वाटावा, या गोष्टी कमिटीस आपल्या मर्जीने ठरविता येत नाहीत. त्या सोसायटीच्या पोटनियमांत लिहिलेल्या असतात. पोटनियम बदलावयाचे तर सर्व सभासदांची सभा बोलवावी लागते, तेथे विशेष बहुमत मिळवावे लागते व मग तो बदल निबंधकाकडे नोंदवावा लागतो. कमिटीचा ठराव पोटनियमाविरुद्ध गेला तर तो टिकत नाही.

देशाची गोष्ट याहून निराळी नाही. संसद व विधिमंडळे जे कायदे करतात ते कमिटीच्या ठरावासारखे, आणि राज्यघटना ही पोटनियमांसारखी होय. सरकार कोणी व कसे बनवावे, त्याने काय करावे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे ती सांगते. म्हणून तिला कायद्यांचा कायदा म्हणतात.

असा कायदा नसला तर काय होते, हे आपल्याच मुलखाने पाहिलेले आहे. १२ मे १८७५ रोजी, त्या काळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, ऐन बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. हे लोण पुढे शिरूर, इंदापूर आदी तालुक्यांत व नगर जिल्ह्यात पसरले. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जातून काही सवलत देणारा कायदा केला. कायदा हिताचा होता. परंतु तो करणाऱ्या मंडळात शेतकऱ्याच्या मताने निवडलेला एकही माणूस नव्हता. तो सरकारने दिला, आणि सरकारच्या मर्जीने तो काढूनही घेता आला असता. आपली गाऱ्हाणी सांगण्यास शेतकऱ्यास रोखे जाळण्यावाचून दुसरा मार्ग दिसला नाही, याचे कारण तरी हेच की, सरकारवर बंधन घालणारा असा कोणताही नियम त्याच्या हाती नव्हता.

घटनेची मूळ तत्त्वे

स्वतंत्र भारताची घटना बनविणारी सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम बसली. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुण्याचे काकासाहेब गाडगीळ व केशवराव जेधे, तसेच वऱ्हाडचे शेतकरी पुढारी डॉ. पंजाबराव देशमुख हे या सभेचे सभासद होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारण्यात आली आणि २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आली. त्या वेळी तिच्यात ३९५ अनुच्छेद व ८ अनुसूची म्हणजे परिशिष्टे होती.

एवढ्या मोठ्या ग्रंथाचे सार सांगावयाचे तर पुढील चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, सत्तेचा उगम लोकांत आहे. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास एक मत आहे, मग त्याची जमीन शंभर एकर असो वा गुंठाभरही नसो. दुसरी, कायद्यापुढे सर्व समान आहेत आणि काही हक्क असे आहेत की ते सरकारसही सहजी मोडता येत नाहीत. यांस मूलभूत हक्क म्हणतात. तिसरी, कायदा करणारे, तो अमलात आणणारे व न्याय देणारे हे तीन निरनिराळे असून एकाने दुसऱ्यास आवर घालावयाचा आहे. चौथी, केंद्र व राज्ये यांची कामे वाटून दिलेली आहेत. शेती, जमीन व पाणी हे विषय राज्यांकडे आहेत. परदेशांशी व्यापार हा केंद्राचा आहे. आणि काही विषय दोघांचे सामाईक आहेत.

यांखेरीज राज्यकर्त्यांस दिशा दाखविणारी मार्गदर्शक तत्त्वे घटनेत आहेत. ती न्यायालयाकरवी अमलात आणविता येत नाहीत. परंतु देशातील साधनसंपत्ती थोड्यांच्या हाती साचू नये व ग्रामपंचायतींस बळ द्यावे, असे ती बजावतात. पुढे जो झगडा झाला तो या तत्त्वांचा व मूलभूत हक्कांचा. तो समजण्यापूर्वी बदलाची रीत समजून घेतली पाहिजे.

बदलाची रीत

घटनेत बदल तीन प्रकारांनी होतो. काही गोष्टी साध्या बहुमताने बदलतात. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग होऊन महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये झाली, ती संसदेच्या साध्या कायद्याने. अशा बदलास घटना स्वतःच घटनादुरुस्ती मानीत नाही.

दुसरा प्रकार अनुच्छेद ३६८ मधील विशेष बहुमताचा. संसदेच्या दोन्ही सभागृहांत, प्रत्येकी, एकूण सभासदसंख्येच्या निम्म्याहून अधिक आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, अशी दोन्ही मापे एकाच वेळी भरली पाहिजेत. लोकसभेत ५४३ जागा आहेत असे धरले तर निम्म्याहून अधिक म्हणजे किमान २७२ मते हवीत. समजा ३९० सभासदांनीच मत दिले व त्यांतील २६० अनुकूल पडले. दोन तृतीयांश भरले खरे, पण २७२ न भरल्यामुळे दुरुस्ती पडली. समजा ४५० जणांनी मत दिले. आता २७२ पुरेत नाहीत, ३०० लागतील.

तिसरा प्रकार याहूनही कठीण आहे. केंद्र व राज्ये यांच्या वाटणीस, न्यायालयांस, अथवा खुद्द ३६८ या अनुच्छेदास हात लावावयाचा असेल, तर वरील बहुमतानंतर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घ्यावी लागते. कारण उघड आहे. वाटणीपत्र दोघांचे असते. एकाच भावाने तलाठ्याकडे जाऊन ते परस्पर बदलू नये.

या तिसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण आपल्या कांद्याशी निगडित आहे. १९५४ सालच्या तिसऱ्या दुरुस्तीने अन्नपदार्थ, खाद्य तेलबिया, गुरांची वैरण, कच्चा कापूस व कच्चा ताग यांचा व्यापार आणि पुरवठा हा विषय सामाईक यादीत आला. त्यानंतर १९५५ साली जीवनावश्यक वस्तूंचा कायदा झाला. कांद्याच्या साठ्यावर मर्यादा येते ती या कायद्याखाली. शेती राज्याकडे असतानाही शेतमालाच्या भावात दिल्लीचा हात कसा पोचतो, हा प्रश्न बाजारात नित्य विचारला जातो. त्याचे अर्धे उत्तर या दुरुस्तीत आहे, आणि उरलेले अर्धे निर्यात हा केंद्राचा विषय असण्यात आहे.

पहिली दुरुस्ती व कूळकायदा

आता पेटीतील त्या कागदाकडे वळू. मुंबई राज्याचा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ साली झाला. त्याच सुमारास इतर प्रांतांतही जमीनदारी मोडणारे कायदे झाले. परंतु मूळ घटनेत मालमत्ता धारण करणे हा मूलभूत हक्क होता. जमीनदार न्यायालयांत गेले. आणि मार्च १९५१ मध्ये पाटण्याच्या उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा, तो समानतेच्या हक्कास बाधक आहे म्हणून, रद्द ठरविला. ज्यांस स्वराज्यात जमीन मिळावयाची होती त्यांची वाट घटनेतील हक्कानेच अडली, असा हा पेच होता.

तो सोडविण्याकरिता जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने ३१-अ व ३१-ब हे अनुच्छेद घातले व नवव्या परिशिष्टाची भर टाकली. या परिशिष्टात ज्या कायद्याचे नाव लिहिले जाईल तो मूलभूत हक्कांस बाधक आहे या कारणावरून रद्द होणार नाही, अशी ही व्यवस्था होती. आरंभी १३ कायदे त्यात होते. पहिले नाव बिहारच्या कायद्याचे, आणि दुसरे आपल्या मुंबईच्या १९४८ च्या कूळकायद्याचे.

पुढे १९५६ साली कूळकायद्यात मोठा बदल होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी स्वतः जमीन कसणारे कूळ हे, कायद्यातील अपवाद सोडून, त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. कायम कुळांखेरीज इतरांकरिता किंमत आकाराच्या वीस पटींहून कमी नाही व दोनशे पटींहून अधिक नाही, अशा मर्यादेत ठरवावयाची होती. मालकांनी यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९५८ साली न्यायालयाने ३१-अ चा आधार घेऊन कायदा उचलून धरला. भीमा व घोड यांच्या काठची कित्येक शिवारे त्यानंतर कसणाऱ्यांच्या नावे लागली. घटना बदलता आली नसती तर हे झाले नसते, ही पहिली शिकवण होय.

बदलास मर्यादा असावी काय?

परंतु ज्या अवजाराने तण निघते त्यानेच पीकही कापले जाऊ शकते. महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल धारणेचा कायदा १९६१ साली झाला व १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने तोही नवव्या परिशिष्टात गेला. १९७५ पासून धारणेची मर्यादा आणखी खाली आली. दोन पिकांची खात्रीच्या पाण्याची जमीन असेल तर कुटुंबास १८ एकर, आणि निव्वळ कोरडवाहू असेल तर ५४ एकर. ज्यांची जमीन जावयाची होती त्यांच्या दृष्टीने न्यायालयाचे दार बंद होते. आज कूळ म्हणून ज्यास दुरुस्ती हितकर वाटली, त्यासच उद्या मालक म्हणून ती जाचक वाटू शकते. मग संसदेस बहुमत आहे म्हणून घटनेतील काहीही, केव्हाही, काढून टाकता येईल काय?

हा प्रश्न न्यायालयापुढे आला तो जमिनीच्याच दाव्यांतून. १९६७ साली पंजाबातील गोलकनाथ कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी ठरविले की, संसदेस मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत. संसदेने १९७१ च्या चोविसाव्या दुरुस्तीने हा अधिकार पुन्हा आपल्याकडे घेतला. मग केरळातील एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती यांच्या दाव्यात तेरा न्यायमूर्ती बसले, आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा असा निकाल झाला. त्याचे तात्पर्य असे की, संसदेस घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करता येईल. मात्र घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही.

या तत्त्वाचा जमिनीच्या कायद्यांस नेमका कसा उपयोग करावयाचा, हे ठरले ते महाराष्ट्राच्या प्रकरणात. आपल्या कमाल धारणा कायद्याविरुद्ध वामनराव व इतर अर्जदार सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९८० सालच्या निकालात न्यायालयाने म्हटले की, पहिल्या दुरुस्तीने चौकट मोडलेली नाही, किंबहुना समतेच्या उद्देशास ती पोषकच आहे. परंतु २४ एप्रिल १९७३ नंतर ज्या कायद्यांची नावे नवव्या परिशिष्टात घातली गेली, ते चौकटीस बाधक आहेत की काय हे तपासता येईल. २००७ साली नऊ न्यायमूर्तींनी हेच तत्त्व पक्के केले. म्हणजे दार पुन्हा किलकिले झाले. कमाल धारणेचा कायदा अद्याप आहे. तो रद्द व्हावा असे शेतकरी चळवळीतील काही मंडळी म्हणतात, तर भूमिहीनांच्या बाजूचे लोक तो राहावा असे म्हणतात. या वादाचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. दोन्ही पक्षांस आपले म्हणणे सभेत व न्यायालयात मांडता येते, हे त्या चौकटीचेच फळ आहे, एवढेच दाखवावयाचे आहे.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला व अनुच्छेद ३००-अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून राहिला. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येत नाही. शिरूरमध्ये रांजणगाव व दौंडमध्ये कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती झालेल्या पाहिलेल्या आपल्या वाचकांस भूसंपादन म्हणजे काय हे सांगावयास नको. त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, ज्या सतराव्या दुरुस्तीने कमाल धारणेचा कायदा परिशिष्टात गेला, तिनेच ३१-अ मध्ये एक अट घातली: तो अनुच्छेद ज्या संपादनांस संरक्षण देतो त्यांत, स्वतः कसलेली व कमाल मर्यादेच्या आतील जमीन बाजारभावाहून कमी मोबदल्यात घेता येणार नाही.

सहकाराची गोष्ट

रीत मोडली तर काय होते, याचे ताजे उदाहरण सहकाराचे आहे. न्हावरे येथे घोडगंगा व पाटस येथे भीमा, असे सहकारी साखर कारखाने शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभारले गेले; गावोगाव सोसायट्या आहेत. सहकारी संस्था हा राज्याच्या यादीतील विषय. २०११ च्या सत्त्याण्णवाव्या दुरुस्तीने या संस्थांची निवडणूक, संचालकांची संख्या व मुदत यांविषयी घटनेत एक नवा भाग घातला. त्यांतील कित्येक तरतुदी चांगल्या होत्या. परंतु निम्म्या राज्यांची संमती घेतलेली नव्हती. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कारणाकरिता राज्यांतर्गत संस्थांपुरता तो भाग रद्दबातल ठरविला. अनेक राज्यांत पसरलेल्या संस्थांस तो लागू राहिला. सहकारी संस्था स्थापन करण्याचा मूलभूत हक्क मात्र कायम आहे. हेतू चांगला असला तरी मार्ग चुकला तर काम टिकत नाही, हे आपल्या सोसायटीच्या कारभाऱ्यांनीही मनावर घ्यावे.

आपण काय करावे

२०२३ अखेर घटनेत १०६ दुरुस्त्या झाल्या. त्यांतील त्र्याहत्तराव्या दुरुस्तीचा लाभ प्रत्येक गावास रोजच्या रोज घेता येतो. २४ एप्रिल १९९३ पासून ती अमलात असून ग्रामसभेस तिने घटनेत स्थान दिले आहे. पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांत पहिलाच विषय शेतीचा आहे. तरी ग्रामसभेस किती लोक हजर असतात, आणि त्यांत बायामाणसे किती, याचा विचार ज्याने त्याने मनाशी करावा.

तात्पर्य, घटना अगदी न बदलणारी असती तर आपल्या आजोबांस जमीन मिळाली नसती. आणि वाटेल तशी बदलणारी असती तर नातवाकडे ती राहील याची शाश्वती नसती. बदलाची सोय आणि बदलाची मर्यादा ही दोन्ही दुबळ्याच्या कामी येतात. मात्र त्यांची राखण न्यायालयाने एकट्याने करावी अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. आपला प्रतिनिधी कोणत्या दुरुस्तीस मत देतो, आपले विधिमंडळ कोणत्या दुरुस्तीस संमती देते, हे विचारण्याची सवय शेतकऱ्यास लागली पाहिजे.

सोसायटीच्या अथवा वाचनमंडळाच्या सभेत पुढील प्रश्नांवर विचार व्हावा, अशी आमची सूचना आहे.

१. आपल्या सोसायटीचे पोटनियम शेवटचे केव्हा बदलले? त्या सभेस किती सभासद हजर होते?

२. लोकसभेत ४२० सभासदांनी मत दिले, तर घटनादुरुस्तीस किमान किती मते लागतील?

३. कूळकायद्याने आपल्या गावातील कोणाची जमीन गेली व कोणास मिळाली? दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून टिपण करावे.

४. शेतमालाचा व्यापार हा सामाईक विषय असावा की केवळ राज्याचा? तो बदलावयाचा झाल्यास कोणकोणाची संमती लागेल?